प्रयोग थोडे करा, पण ते मुलांच्या हातात राहू द्या

सांगलीच्या विश्रामबाग भागातून एका आईचे पत्र आले आहे. त्याचा मुख्य भाग असा :

“माझा मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी साडेचार वर्षांची आहे. मुलाच्या वाढदिवसाला आम्ही विज्ञानाचा महागडा संच आणला, पण दोन दिवसांतच तो कपाटात गेला. आता मी फोनवर व्हिडिओ पाहून दर रविवारी एखादा प्रयोग करून दाखवते. मुले टाळ्या वाजवतात आणि पाच मिनिटांत खेळायला पळतात. मागच्या आठवड्यात ज्वालामुखीचा प्रयोग केला, तेव्हा मुलगा ‘अजून व्हिनेगर टाकलं तर? टाकतच राहिलं तर?’ असे विचारत राहिला आणि ओट्यावर पसारा होऊ लागल्याने मला त्याला थांबवावे लागले. मी बारावीपर्यंत कला शाखेत शिकले, त्यामुळे त्याच्या प्रश्नांची उत्तरे मला येत नाहीत. सासूबाईंना सोडा, डाळी वाया घालवलेल्या आवडत नाहीत. मिस्टरांचे मार्केट यार्डात हळदीचे काम असल्याने त्यांना वेळ नसतो. मुलांना विज्ञानाची गोडी कशी लावावी? एखाद्या वर्गाला घालावे का?”

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. ‘टाकतच राहिलं तर?’ हा प्रश्न ज्या मुलाला पडतो, त्याला विज्ञानाची गोडी लावण्याची गरज उरत नाही, कारण ती त्याला लागलेलीच आहे. आता गरज आहे ती त्या प्रश्नाला जागा आणि वेळ देण्याची. दर रविवारी नवा प्रयोग शोधण्याची धडपड तुम्ही निःसंकोच सोडून द्या. एकच वस्तू घेऊन तिच्यापाशी पंधरा दिवस थांबा, साहित्य मुलांच्या हातात द्या आणि काही करण्याआधी ‘काय होईल असं वाटतं?’ एवढे विचारा. माझा सल्ला थोडक्यात एवढाच आहे आणि तो घरात प्रत्यक्ष कसा उतरवायचा, हे पुढे सविस्तर लिहिते.

प्रथम त्या अर्धवट राहिलेल्या ज्वालामुखीकडे परत जाऊ या. मातीचा डोंगर आणि लाल रंग या वेळी नको, कारण त्यांच्यामुळे मुलांचे लक्ष फेसाऐवजी देखाव्याकडे जाते. एक मोठी परात घ्या, तिच्यात काचेचा लहान ग्लास ठेवा आणि त्यात पाव चमचा खायचा सोडा मुलाला स्वतः मोजून घालू द्या. मग व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एका वेळी एकच चमचा, फेस पूर्ण बसल्यानंतरच पुढचा, असे घालायला सांगा आणि प्रत्येक चमच्याआधी ‘आता फेस येईल की नाही?’ हे त्याच्याकडून वदवून घ्या. पहिल्या चमच्याला भरपूर फेस येईल, दुसऱ्याला थोडा कमी, आणि साधारण चार-पाच चमच्यांनंतर एक चमचा असा येईल की ग्लासात काहीच हालचाल होणार नाही. इथे तुम्ही काही बोलू नका. मूल आधी ग्लास हलवून पाहील, मग आणखी एक चमचा घालील आणि मग तुमच्याकडे पाहील. त्या वेळी ‘यातलं काय संपलं असेल?’ असे विचारून त्याच्यापुढे सोड्याचा डबा आणि व्हिनेगरची बाटली दोन्ही ठेवा. चिमूटभर सोडा घालताच फेस पुन्हा उसळला, म्हणजे संपला होता तो सोडा, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. दोन पदार्थांची क्रिया होताना त्यांतला एक आधी संपतो आणि क्रिया तिथेच थांबते, ही गोष्ट मोठ्या वर्गातील मुलांनाही समीकरणे सोडवताना जड जाते. तुमच्या मुलाने मात्र ती विचारून ठेवली होती आणि पसारा परातीत राहील एवढी सोय असती तर त्याने ती पाहिलीही असती. पुढच्या दिवशी चिंचेचा कोळ किंवा आंबट ताक घेऊन हेच करा, म्हणजे कशाचे किती चमचे लागतात याची तुलना तो स्वतःहून सुरू करील.

आणलेला संच का पडून राहिला, याचेही उत्तर यातच आहे. बहुतेक संचांत काय घ्यायचे, किती घ्यायचे आणि शेवटी काय दिसले पाहिजे हे सगळे खोक्यावर छापलेले असते, त्यामुळे मुलाने ठरवावे असे काहीच शिल्लक राहत नाही. महागड्या साहित्यावाचून उत्तम विज्ञान शिकवता येते, हे आपल्या देशात फार पूर्वीच करून दाखवले गेले आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यांतील मुले आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून स्वतः प्रयोग करीत शिकत होती. त्या कामाशी संबंध आलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे होते. आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व ट्यूब, जुनी वर्तमानपत्रे यांतून त्यांनी तयार केलेली खेळणी मराठीतही मोफत पाहायला मिळतात. फोन पाहायचाच असेल तर मुले झोपल्यावर तुम्ही एकट्याने पाहा आणि सकाळी फोन बाजूला ठेवून फक्त साहित्य मुलांपुढे मांडा. शेवट आधीच पडद्यावर दिसला, तर अंदाज करण्याचे कारणच उरत नाही.

आता पंधरा दिवस थांबण्यासारखी एक वस्तू सुचवते, आणि ती तुमच्या घरी इतरांपेक्षा सहज मिळेल. मिस्टर हळदीच्या कामात आहेत, तेव्हा त्यांना एक अख्खे हळकुंड आणि थोडी पूड आणायला सांगा. पहिला दिवस फक्त हळकुंड पाहण्यात जाऊ द्या. ते मोडताना येणारा आवाज, वरची सुरकुतलेली साल, आतला गर्द नारिंगी रंग, नखाला लागलेली पूड या सगळ्याकडे मुलांना निवांत पाहू द्या. दुसऱ्या दिवशी दोन चमचे पुडीत पाणी घालून सरबरीत लेप करा आणि पांढऱ्या कागदावर, शक्यतो थोड्या जाड आणि गुळगुळीत नसलेल्या कागदावर, मुलांना तो बोटांनी पातळ पसरू द्या. मुलीला हे काम फार आवडेल. खाली जुना पेपर आणि अंगात जुने कपडे असले म्हणजे तुमचा जीवही निवांत राहील. कागद सावलीत वाळला की सुटी पूड झटकून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा.

नंतर वाट्यांमध्ये लिंबाचा रस, ताक, साखरेचे पाणी, मिठाचे पाणी, खायच्या सोड्याचे पाणी आणि अंगाच्या साबणाचे पाणी ठेवा. प्रत्येक वाटीत पट्टी बुडवण्याआधी मुलाने अंदाज सांगायचा आणि कागदावर खूण करायची. लिंबू, ताक, साखर आणि मीठ यांत पट्टी पिवळीच राहील. साबणाच्या पाण्यात ती विटकरी-लाल होईल आणि सोड्याच्या पाण्यात रंग बदलेल तो बहुधा फिका, नारिंगीकडे झुकणारा असेल. हळदीतल्या कुरकुमिन या पिवळ्या रंगद्रव्याचा हा गुण आहे. आम्लात, म्हणजे आंबट पदार्थात, आणि साध्या पाण्यात ते पिवळे राहते, अल्कधर्मी, म्हणजे साबण-सोड्यासारखा, पदार्थ भेटला की लालसर होते. जेवताना सांडलेल्या आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे तुम्ही धुण्याच्या दगडावर शेकडो वेळा पाहिले आहे. मुलाला ते आधी सांगू नका. पट्ट्यांचा खेळ झाल्यावर एखाद्या फडक्यावर हळदीचा डाग पाडून त्यालाच धुवायला द्या आणि पट्टी व फडके यांचे नाते तोच जुळवतो का, ते पाहा. जुळवले नाही तरी हरकत नाही, काही दिवसांनी जुळवील.

खरी गंमत लाल झालेल्या पट्टीवर आहे. ती फेकू नका. तिच्यावर लिंबाचा एक थेंब टाकू द्या, म्हणजे थेंबापुरती ती पुन्हा पिवळी होईल आणि त्यावर साबण लावला तर पुन्हा लाल होईल. किती वेळा असे होऊ शकते, हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि त्याचे उत्तर त्यांनीच शोधायचे आहे, मग कागदाचा लगदा झाला तरी चालेल. ज्या मुलाने हे करून पाहिले, त्याला पुढे शाळेत दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल की अल्क ते दाखवणारा पदार्थ, हा शब्द भेटेल तेव्हा तो पाठ करावा लागणार नाही. पट्ट्या कंटाळवाण्या वाटू लागल्या की जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून तेच सगळे पुन्हा करा. ते पाणी लिंबाने गडद गुलाबी आणि साबणाने हिरवट होते. हळद एकाच बाजूला बोलते आणि जास्वंद दोन्ही बाजूंना, हा फरक मुलाच्या लक्षात आला तर समजा की त्याने या वयात पाहण्याजोगे सगळे पाहिले.

हळदीचा आणखी एक प्रयोग असा आहे की त्याला काहीच करावे लागत नाही, फक्त धीर लागतो. पांढऱ्या सुती फडक्याचे दोन तुकडे हळदीच्या पाण्यात एकदमच बुडवून पिळा. एक गॅलरीत कडक उन्हात टांगा आणि दुसरा कपाटात अंधारात ठेवा. दोन-तीन दिवसांनी दोन्ही शेजारी धरले, तर उन्हातला तुकडा स्पष्टपणे फिका झालेला दिसेल, कारण कुरकुमिन प्रकाशाने विघटित होते. आठ वर्षांचे मूल इथे एक फार चांगली शंका काढू शकते : रंग उन्हामुळे गेला की वाऱ्यामुळे? तशी शंका आली, तर तिसरा तुकडा गॅलरीतच पण काळ्या कापडाच्या सावलीत टांगायचा, हेही त्याच्याच तोंडून येऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे सारखे ठेवायचे, ही प्रयोगाची शिस्त अशाच शंकेतून अंगी बाणते. एखाद्या सुट्टीला मुलांना हरिपूरला न्या, कृष्णा-वारणेचा संगम दाखवा आणि तिथे पूर्वी जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवली जात असे, हे सांगा. हळद जमिनीखाली का ठेवत असतील, हा प्रश्न त्यांना घेऊन घरी येऊ द्या आणि त्याचे उत्तर त्यांनी वडिलांना विचारावे. वेळ नसलेल्या वडिलांनाही आपल्या धंद्याविषयी मुलांनी विचारलेले आवडते, आणि ते उत्तर माझ्यापेक्षा तेच चांगले देतील.

तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे, तिच्याकडून अंदाज आणि नोंदी यांची अपेक्षा फारशी करू नका. तिचे विज्ञान ओतणे, भरणे, चिवडणे आणि तेच ते पुन्हा करणे यात आहे. ती ‘परत, परत’ म्हणते तेव्हा ती मागच्या वेळी झाले ते याही वेळी होते का, हे तपासत असते आणि ही तपासणी लहान नाही. तिच्यासाठी पाण्याची बादली, वेगवेगळ्या मापांच्या वाट्या, एक गाळणी आणि बुडणाऱ्या-तरंगणाऱ्या वस्तूंची टोपली एवढे पुरते. टोपलीत एक संत्रे जरूर ठेवा. सालीसकट संत्रे तरंगते आणि सोललेले बुडते, कारण सालीत हवेच्या बारीक जागा असतात. सोलल्यावर वजन कमी झाले, तरी ते बुडले कसे, यावर मोठा भाऊही थबकेल. बटाट्याची फोड साध्या पाण्याच्या ग्लासात बुडते, पण त्यात चार-पाच चमचे मीठ नीट विरघळवले की वर येते, तेव्हा मीठ एकेक चमचा घालण्याचे काम तिचे आणि मोजण्याचे काम त्याचे, असे वाटून द्या. दोघांनाही काम मिळाले की भांडणे बरीच कमी होतात.

सासूबाईंच्या आक्षेपाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मला तो योग्य वाटतो. अन्न वाया जाऊ नये हे मुलांना विज्ञानाइतकेच शिकवायचे आहे. म्हणून असेच प्रयोग निवडा, जे शेवटी ताटात येतात, आणि त्यांची सूत्रे सासूबाईंकडे द्या. दही लावणे हा घरातला सर्वांत उत्तम प्रयोग आहे आणि त्यातले तुमच्या घरचे जाणकार त्याच आहेत. तीन वाट्यांत सारखेच दूध घ्या. एक फ्रिजमधले गार, एक कोमट आणि एक नुकते उकळलेले, आणि यातले गरम दूध मोठ्यांनीच ओतायचे. तिन्हींत सारखेच अर्धा चमचा विरजण लगेच घाला. गार वाटी फ्रिजमध्येच ठेवा, बाकीच्या दोन झाकून ओट्यावर ठेवा. रात्री झोपताना प्रत्येकाने, आजीनेसुद्धा, आपापला अंदाज सांगायचा. सकाळी कोमट वाटीत घट्ट दही, फ्रिजमधल्या वाटीत दूधच, आणि उकळत्या दुधाच्या वाटीत दही न लागलेले किंवा फार तर विरविरीत, असे दिसेल. विरजणात जिवंत जिवाणू असतात, गारठ्यात त्यांचे काम जवळजवळ थांबते आणि उकळत्या दुधात ते मरतात. इथे एक प्रश्न मुद्दाम उघडा ठेवा : फ्रिजमधली वाटी आता बाहेर ठेवली तर दही लागेल का, आणि उकळत्या दुधाची वाटी तशीच आणखी ठेवली तर? थांबलेले आणि मेलेले यातला फरक मुलाला एवढ्यावरून कळतो. न लागलेल्या दुधात नवे विरजण घालून त्याचेही दही करता येते, त्यामुळे काहीच वाया जात नाही.

मटकीला मोड आणण्याचेही असेच आहे. एक मूठ मटकी भिजवून तिचे तीन भाग करा. एक ओल्या फडक्यात बांधून ओट्याजवळ, एक तशाच फडक्यात फ्रिजमध्ये आणि एक वाटीभर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. पहिल्या भागाला चांगले मोड येतील, दुसऱ्याला फार उशिरा येतील किंवा येणारच नाहीत आणि बुडालेल्या मटकीला हवा पुरेशी न मिळाल्याने मोड धड येणार नाहीत, उलट तिला वास येऊ लागेल. पहिल्या भागाची उसळ होते, दुसरा भाग बाहेर काढून ठेवला की त्याचीही होते. फुकट जाते ती चमचाभर बुडालेली मटकी, आणि ती कुंडीतल्या मातीत जिरते. नवरात्रात घट बसतील तेव्हा त्यातले धान देवघराच्या मंद उजेडात पिवळसर का उगवते, हे पाहण्यासाठी तेच गहू दुसऱ्या एका मातीच्या पणतीत खिडकीत पेरायला आजीला सांगा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर हिरव्या आणि पिवळ्या पात्यांतला फरक इतका ठसठशीत दिसतो की प्रकाशाचे पानाच्या हिरवेपणाशी काही नाते आहे, हे साडेचार वर्षांच्या मुलीलाही दिसते. घटाला मात्र हात लावायचा नाही, म्हणजे आजीच्या मनालाही बरे वाटेल.

आता तुमच्या मनातल्या संकोचाविषयी. उत्तरे न येणे ही तुम्हाला अडचण वाटते. मला मात्र उत्तर फार लवकर देणे ही त्याहून मोठी अडचण वाटते. मुलाने ‘का?’ विचारले की ‘तुला काय वाटतं?’ असे विचारा, मग ‘ते खरं आहे का, हे कसं बघता येईल?’ असे विचारा, आणि त्यातूनही मार्ग निघाला नाही तर ‘मलाही माहीत नाही, वहीत लिहून ठेवू या’ असे मोकळेपणाने म्हणा. लिहून ठेवलेला प्रश्न शाळेतल्या बाईंना विचारता येतो, पुस्तकात शोधता येतो, आणि सहा महिन्यांनी त्याचे उत्तर अचानक सापडले की मूल तो प्रश्न आपला म्हणून ओळखते. तशी वही घालाच. मुलगी चित्रे काढील, मुलगा लिहील. शुद्धलेखन तपासू नका.

तयार उत्तरांबाबत आणखी एका कारणाने सावध राहायला हवे. अनेक व्हिडिओंत आणि काही पुस्तकांतही दिलेली स्पष्टीकरणे चुकीची किंवा अपुरी असतात. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून वर ग्लास पालथा घालतात, मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढते, हा प्रयोग तुम्ही पाहिला असेलच. ज्योतीने ऑक्सिजन संपवला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, असे त्याचे कारण सर्रास सांगितले जाते. पण नीट पाहिले, तर पाणी बहुतेक चढते ते ज्योत विझता विझता आणि विझल्यानंतर, भराभर. शिवाय ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपण्याच्या आतच ज्योत विझते. मुख्य कारण असे की ज्योतीने तापून पसरलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होते, आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ग्लास ठेवताना कधी कधी कडेने बुडबुडे बाहेर पडतात, ती तापून पसरलेली हवाच असते. ज्या मुलाने पाणी नेमके केव्हा चढले हे पाहिले आहे, ते मूल छापील उत्तरावर शंका घेऊ शकते. हा प्रयोग तुम्ही स्वतः करा, मुलांनी हातभर अंतरावरून पाहायचे, आणि स्पष्टीकरण शेवटी सांगायचे.

घराबाहेर पडायचे असेल तर मिरज तुमच्या अगदी जवळ आहे. सतार आणि तानपुरे घडवणाऱ्यांच्या तिथल्या दुकानांत वाळवलेले मोठे भोपळे रचून ठेवलेले दिसतात. भोपळा पोकळ का लागतो, हे विचारून या आणि घरी आल्यावर एक रबर हवेत ताणून छेडा, मग तोच रबर रिकाम्या डब्यावर ताणून छेडा. आवाजातला फरक कानाने कळला की प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती आले. पातेल्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बसवा, त्यावर चिमूटभर रवा पसरा आणि जवळ दुसरे पातेले जोरात वाजवा, म्हणजे रव्याचे दाणे नाचताना दिसतील. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक संधी येते. त्या सुमारास एका दिवशी सूर्य सांगलीत दुपारी साडेबाराच्या आसपास बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली काही क्षण तिच्या पायाखालीच जाते. असेच ऑगस्टमध्येही घडते, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ असते. गच्चीवर एक उभा डबा ठेवून आठवडाभर रोज त्याच वेळी खडूने सावलीचे टोक आखायचे, एवढेच काम आहे. सूर्याकडे थेट कधीही पाहायचे नाही, हे मुलांना आधी बजावा.

सुरक्षिततेबाबत मी कडक आहे आणि तुम्हीही असावे. पानाचा चुना प्रयोगात मुळीच आणू नका. हळद चुन्याने सुंदर लाल होते, म्हणून अनेक ठिकाणी तो सुचवला जातो, पण चुन्याची पुडी किंवा नळी मुलाने दाबली आणि ती फुटून चुना डोळ्यात गेला, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. असे घडलेच तर त्याच क्षणी डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. धुण्याचा सोडा, ब्लीच आणि संडास साफ करण्याचे द्रव मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि ब्लीच व संडासचे द्रव एकमेकांत कधीच मिसळू नका, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. सोडा आणि व्हिनेगर झाकण लावलेल्या बाटलीत घालायचे नाही, बाटली फुटते. संच आणलेलाच आहे, तर तो आज उघडून त्यात बटणासारखे चपटे सेल, बारीक लोहचुंबक किंवा पाण्यात फुगणारे रंगीत मणी आहेत का ते पाहा आणि असतील तर काढून ठेवा. चपटा सेल गिळला गेला तर दोन तासांतच अन्ननलिकेला भाजू शकतो, म्हणून तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखान्यात जावे. मुलगी लहान आहे, तेव्हा शेंगदाणे, हरभरे, बेदाणे हातात देताना जवळ बसा.

बेदाण्यांचे नाव निघालेच आहे आणि तासगावचे बेदाणे तुमच्या घरी असणारच, तर साध्या सोडा-वॉटरच्या उंच ग्लासात पाच-सहा बेदाणे टाकून पाहा. सुरकुत्यांवर बुडबुडे जमतात, बेदाणा वर येतो, बुडबुडे फुटतात आणि तो खाली जातो. शेजारच्या ग्लासात एक ताजे द्राक्ष टाकून दोघांची तुलना करायला मुलाला सांगा आणि फरक का पडला, हे त्याच्यावर सोडा.

वर्गाबद्दल विचारले आहे. या वर्षी घाई करू नका. पुढे घालायचे ठरले तर पैसे भरण्याआधी एक तास मागे बसू द्या असे सांगा, आणि त्या तासाभरात साहित्य मुलांच्या हातात किती वेळ होते आणि शिकवणाऱ्यांच्या हातात किती वेळ, एवढेच पाहा. शिकवणाऱ्यांनी टेबलावर करून दाखवले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, असा वर्ग असेल तर तो तुमच्या रविवारसारखाच होईल, आणि त्यासाठी फी भरण्याची गरज नाही. मुले स्वतः मोजत असतील, सांडत असतील, एकमेकांशी वाद घालत असतील आणि शिकवणारे त्यांना उत्तरासाठी थांबवून ठेवत असतील, तर मुलाला खुशाल घाला. मुलीला मात्र अजून दोन-तीन वर्षे बादली आणि वाट्याच द्या.